शब्दागणिक एक वात

सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला, की भाग्यलक्ष्मी जनेलाची झडप उघडून पावाची पिशवी बाहेर धरायची, पण तोंडातली माळ काही तुटू द्यायची नाही.

"एफेमरल म्हणजे क्षणभंगुर. हेल्सियन म्हणजे सुखशांतीचे. लिम्पिड म्हणजे नितळ. लॅक्रिमोज म्हणजे रडवेला..."

पोदेर पिशवीत उंडे टाकायचा आणि सायकलवर टांग मारता मारता विचारायचा, "वैनी, हो खंयचो देव?"

ती मानेनंच 'जा बाबा' म्हणायची. बोलायला थांबलं की माळ तुटे, आणि तुटली की पुन्हा 'एफेमरल'पासून. डाव्या हातात कापूस, बोटांना भस्म, मांडीवर वात. एक शब्द, त्याचा अर्थ, आणि त्या दोघांबरोबर वळलेली एक वात. वात डब्यात पडली, की पुढचा शब्द.

ही रीत तिच्या माहेरची. हळर्णला तिच्या आईनं तिला जे जे म्हणून शिकवलं ते वाती वळता वळता. पाढे तसेच, आरत्या तशाच, देवीची नावं तशीच. हाताला काम असलं की डोक्यातलं सांडत नाही, असं आईचं म्हणणं, आणि भाग्यलक्ष्मीच्या डोक्यातलं खरोखरच कधी काही सांडलं नव्हतं. सासरी मयेच्या देवळात बायकांचं नामस्मरण चाललेलं असताना कुणाची जीभ अडखळली, तर सगळ्याजणी आधी भाग्यलक्ष्मीच्या ओठांकडे बघत. मग हे इंग्रजी शब्द ते काय? देवाची एवढी नावं पाठ होतात, तर माणसांचे शब्द का होऊ नयेत?

पण देवाची नावं घेताना मन निवतं. हे शब्द घेताना तिचं डोकं फिरायचं.

"रडवेल्याक लॅक्रिमोज म्हटल्यान रडणां कमी होता काय?" ती चूल पुसता पुसता विचारायची. "आणि काळोखाक ह्यांका किती शब्द लागतत? काळोख तो काळोख!"

"साहेबाच्या गावात सूर्य कमी," नवरा जयवंत चहा फुंकत म्हणायचा. तो डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गोदामावर होता, आणि दिवसभर खोकी मोजून आला की त्याला घरी थट्टेची भूक लागायची. "आयक, तळ्यार पर्यटक येतत ना, तू त्यांका जाऊन सांग, हां पाणी लिम्पिड आसा म्हणान. बोटवालो तुका रोज एक फेरी फुकट मारूक देतलो."

"तळ्यात म्हशी बसल्यात. लिम्पिड खंयचां?"

जयवंत हसायचा. तिला हसू यायचं नाही.

कारण हे वेड तिनं हौसेनं घेतलेलं नव्हतं. लग्नाआधी तिचं बी.ए.चं शेवटचं वर्ष झालं होतं. सगळे पेपर सुटले, फक्त इंग्रजीच्या एका पेपराची तोंडी परीक्षा राहिली, कारण त्या आठवड्यात तिला हळद लागली. सासरी आल्यावर कोण विचारतो? पुढे डिचोलीतल्या एका इंग्रजी शाळेत बालवर्गाला टीचर हवी होती. मुलाखतीत तिनं मुलांना दोन गोष्टी सांगितल्या, एक रडणारं पोर गप्प केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्ग तिचा झाला. पदवीचा कागद कुणी मागितला नाही, तिनंही दाखवायचं नाव काढलं नाही. वर्षामागून वर्षं पोरं तिच्या हातून अक्षरं गिरवून गेली.

मग शाळेला नव्या मोठ्या बाई आल्या. त्या वाईट नव्हत्या; त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग सांगितलं, "पदवीशिवाय वर्ग देता येणार नाही आता. तुमचं एवढंसंच राहिलंय ना? जूनपर्यंत आणा. वर्ग तुमचाच."

तोवर वर्ग सुप्रिया नावाच्या कोवळ्या पोरीला मिळाला. भाग्यलक्ष्मीकडे बुटांच्या नाड्या आल्या, पाण्याच्या बाटल्या आल्या, डबे उघडून देणं आलं. तेही तिनं केलं. पण पहिल्याच दिवशी एक चिमुरडी तिच्याकडे धावत आली, "टीचर, टीचर, माझी नाडी!" म्हणत, आणि सुप्रिया मागून हळू आवाजात, अगदी प्रेमानं म्हणाली, "टीचर नाही राजा, मावशी म्हणायचं."

नाडी बांधताना भाग्यलक्ष्मीची गाठ तीनदा सुटली.

विद्यापीठात चौकशी केली तर कळलं, की जुना अभ्यासक्रम बंद होतो आहे. राहिलेल्यांना ही एकच, शेवटची संधी. तोंडी परीक्षेला जुन्या इंग्रजी कवितांतले आणि निबंधांतले शब्द. पुस्तकात जसे येतात तशा ओळीनं छापलेली यादी दिलेली. अर्थ इंग्रजीत सांगा की मराठीत सांगा, पण नेमका सांगा. दहा विचारणार, निम्मे यायला हवेत.

घरी आल्यावर तिनं सरळ देवापुढे पाट मांडला आणि कापूस घेतला. गावच्या देवीला, केळबायला, नवस बोलली, "माये, पास कर. ह्या शब्दांबरोबर वळलेल्या सगळ्या वाती एकदम तुझ्यापुढे लावीन." आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा धुऊन, वाळवून, हळदकुंकू लावून त्या कामाला घेतला.

आईच्या रीतीला यश येत होतं. महिन्याभरात यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत, 'एफेमरल'पासून 'इनेफेबल'पर्यंत, ती न थांबता म्हणू लागली. शब्दांना चाल लागली. चार-चार शब्दांचा एक चरण, चरणाच्या शेवटी श्वास. देवळातली तिची मैत्रीण सुमन एकदा दारात उभी राहून ऐकत होती, तिनं नकळत हात जोडले.

"काय गो सुंदर! खंयच्या देवीचां?"

"विद्यापीठाच्या," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

परीक्षेला आठवडा राहिला असताना मुलगी ऋतिका कॉलेजच्या वसतिगृहातून घरी आली. आईची परीक्षा घ्यायची म्हणून तिनं यादी हातात घेतली आणि ओसरीवरच्या लाकडी कदेलीवर मांडी ठोकून बसली.

"आई, टेनेब्रस म्हणजे?"

भाग्यलक्ष्मीनं कापूस घेतला. "एफेमरल म्हणजे क्षणभंगुर. हेल्सियन म्हणजे..."

"अगं ते नाही. टेनेब्रस."

"येतंय ना! थांब. लिम्पिड म्हणजे नितळ. लॅक्रिमोज म्हणजे..."

ऋतिका थांबली. शब्द पुढे गेले, वाती पडत गेल्या, उन्हाचा कवडसा पायरीवरून खाली उतरला. बऱ्याच वेळानं भाग्यलक्ष्मीचा चेहरा उजळला. "टेनेब्रस म्हणजे काळोखी! बघ. येता ना माका?"

ऋतिकानं यादी खाली ठेवली. "आई, आणि व्हर्नल?"

व्हर्नल, म्हणजे वसंतातला, टेनेब्रसच्या आधीचा. भाग्यलक्ष्मीनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की तिथं जायला परत पहिल्यापासून निघायला हवं. मागे वळायला वाटच नव्हती.

"मधीच कित्या विचारतंस?" ती चिडली.

"परीक्षेत मधलेच विचारतात, आई! पहिल्यापासून म्हणा असं कोण सांगणार आहे?"

"मग तशी यादी द्यायची नाही! ओळीनं द्यायची आणि उलटसुलट विचारायची, ही काय रीत झाली?"

"रीत तुझी चुकलीय."

"माझ्या आवशीची रीत ती!"

त्यावर ऋतिकानं यादी उचलून तिची घडी घातली, आणि तेच भाग्यलक्ष्मीला जास्त लागलं. कारण पोरीचं बरोबर होतं. देवळात कुणी तिला कधी मध्येच अडवून 'अमक्या नावाचा अर्थ सांग' म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर तिथंही तिला सुरुवातीपासूनच यावं लागलं असतं. एवढी वर्षं नुसती चालच पाठ होती की काय, ही शंका तिला चाटून गेली आणि तिनं ती झटकन बाजूला सारली. आत्ता ती परवडणारी नव्हती.

तो आठवडा घरात कुणाला सुखाचा गेला नाही. ऋतिकानं यादीचे तुकडे करून पिशवीत घातले आणि एकेक काढून विचारू लागली. भाग्यलक्ष्मीची जीभ हटकून 'एफेमरल'कडे पळे. ऋतिकानं मग कापूस लपवला. तर भाग्यलक्ष्मीची बोटं पदराचं टोक वळू लागली, आणि पदर ओढून घेतला तर शब्दच गप्प. हात रिकामे झाले की डोकंही रिकामं.

"उलटा म्हणान बघ," जयवंतनं सुचवलं. "शेवटाकडसून. म्हणजे मागले तरी लवकर येतले."

तिनं तेही केलं. दोन दिवस 'इनेफेबल'पासून मागे चालत आली. मधल्या कुठल्याशा शब्दापाशी दोन्ही माळा एकमेकींत अडकल्या आणि तिला पुढेही जाता येईना, मागेही येईना. तिनं डबा असा आपटला, की वाती ओसरीभर उडाल्या. मग स्वतःच बसून एकेक वेचली, फुंकर मारून परत भरल्या. नवसाच्या होत्या.

"आई, चित्र डोळ्यांपुढे आण," ऋतिका शेवटी समजुतीनं म्हणाली. "क्रेपस्क्युलर म्हणजे तिन्हीसांजेचा. आपल्या तळ्यावरची तिन्हीसांज आठव. आठवली?"

भाग्यलक्ष्मीनं डोळे मिटले. "आठवली."

"मग आता तळं दिसलं की कुठला शब्द येतो?"

"तिन्हीसांज."

"इंग्रजी, आई!"

"एफेमरल," भाग्यलक्ष्मी रडकुंडीला येऊन म्हणाली.

पणजीला ती एकटीच गेली. ऋतिका येते म्हणत होती, तिनं नको म्हटलं. पोरीसमोर अडखळायची लाज वाटत होती. देवीपुढे डोकं टेकलं, पदराला कापसाचा एक पुंजका बांधला आणि बस धरली. वाटेत एकदाही शब्द उच्चारले नाहीत. माळ ताजी राहू दे, असा विचार.

परीक्षेच्या खोलीत एक वयस्कर सर बसले होते. समोर गार झालेला चहा, शेजारी हजेरीचा कागद, आणि दाराबाहेर तिच्यासारखीच राहून गेलेली बरीच माणसं. सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बसा. क्रेपस्क्युलर?"

हा सुरुवातीचाच. टेबलाखाली तिची बोटं कापसात गेली. एफेमरल, हेल्सियन, लिम्पिड... ओठ हलले आणि ती पोचली. "तिन्हीसांजेचा, सर. तिन्हीसांजेच्या उजेडासारखा."

"गुड." सरांनी खूण केली. "लॅक्रिमोज?"

परत पहिल्यापासून, पण चार पावलांवर. "रडवेला."

तेवढ्यानं तिला धीर आला. मग सरांनी यादीत खूप पुढे बोट ठेवलं. ती निघाली. सर थांबले. त्यांनी चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं, कप ठेवला. ती अजून वाटेतच होती.

"बाई, तुम्ही जप करताय का?"

"नाही सर. येतेय. वाटेवर आहे."

"कुठून येताय?"

"पहिल्यापासून."

सरांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते हसले नाहीत, वैतागले. "बाहेर किती लोक आहेत बघितलंत? हा सोडा. पुढचा शब्द."

त्यांच्या त्या बोलण्यानं माळ तुटली होती. ती परत 'एफेमरल'ला आली. पुढचा शब्दही लांबचा होता, तोही सुटला. एक जवळचा आला, तो तिनं पकडला. तीन गेले. मग एक पकडला, तो कसा ते तिलाही कळलं नाही. बोटांखाली कापसाची ओलसर, काळपट गोळी झाली होती. चार बरोबर झाले होते, एक हवा होता, आणि शेवटचा प्रश्न राहिला होता.

"टेनेब्रस."

ती धावत निघाली. कधी म्हटली नव्हती एवढ्या वेगानं, श्वासाच्या जागी श्वास न घेता. चरणामागून चरण मागे पडले. समोर टेनेब्रसचा चरण दिसत होता, अगदी दोन-तीन शब्दांवर, देवळाच्या पायऱ्या चढून आल्यावर दीपमाळ दिसावी तसा, आणि सरांनी पेनाचं टोपण लावलं.

"झालं, बाई."

"सर, आलाच होता! सर, मला सगळी यादी म्हणायला सांगा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक जरी चुकला तर..."

"मला यादी नको आहे, अर्थ हवे आहेत. हे काय देऊळ आहे?"

"देवळात तरी मध्येच कोण विचारतं, सर?" तिच्या तोंडून निघून गेलं.

सरांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. कदाचित त्यांना वाईटही वाटलं असेल. पण कागदावर त्यांनी जे लिहायचं ते लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर सगळी माळ, न मागता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्या डोक्यातून गेली. टेनेब्रससुद्धा. एकही चूक नाही. तिला वाटलं, बस थांबवावी आणि उतरून कुणाच्या तरी थोबाडीत द्यावी. कुणाच्या ते ठरेना.

जून आला. शाळेत मोठ्या बाईंनी तिला बोलावून पुन्हा खुर्ची दिली, पुन्हा पाणी दिलं. नव्या अभ्यासक्रमाला पहिल्या वर्षापासून प्रवेश घेता येईल, तीन वर्षांत पदवी, तोवर मदतनीस म्हणून काम आहेच, असं त्या म्हणाल्या. भाग्यलक्ष्मी बरं म्हणाली. बाहेर आल्यावर नव्या पोरांच्या रांगेत एकाची बाटली सांडली होती. "मावशी," त्यानं हाक मारली. या पोरांना शिकवावं लागलंच नाही. त्यांना ती मावशी म्हणूनच भेटली होती.

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा जयवंतनं थट्टा केली नाही. "घे प्रवेश," तो एवढंच म्हणाला.

"परत पहिल्यापासून?" ती उसळली. "माझां सगळां पहिल्यापासूनच काय? नको माका!"

वातींचा डबा देव्हाऱ्याखाली तसाच पडून होता. सुमन म्हणाली, पास झाली नाहीस तर नवस लागू होत नाही, वाती घरात वापर. भाग्यलक्ष्मी देवळातच जायची थांबली होती. नामस्मरणाला बायकांनी निरोप धाडला तर तिनं पाठ दुखत असल्याचं सांगितलं. खरी गोष्ट वेगळी होती. ती घरी वात वळायला बसली, की देवीच्या नावाऐवजी 'एफेमरल' येत होतं. देवळात चारचौघीत तसं झालं तर काय तोंड दाखवायचं? आणि देवीवर ती रागावलीही होती. एकच शब्द मागितला होता.

एका शनिवारी दिवेलागणीला वीज गेली. ऋतिका घरी आलेली होती. जयवंत मेणबत्ती धुंडाळत सगळ्या खणांत हात घालत होता.

"आई, समईत वात नाही. ह्या डब्यातली घेऊ?"

"घे. आता कोणाक द्यायची आसा ती?"

ऋतिकानं डबा उघडून हाताला येईल ती वात उचलली, तेलात बुडवून लावली. ज्योत जेमतेम हातभर उजेड करून थांबली. त्याच्या पलीकडे जनेल, मेज, भिंतीवरचा देव, सगळं काळोखात बुडून गेलेलं. भाग्यलक्ष्मी पदरात हात गुंडाळून बसली होती. तिकडे बघत ती म्हणाली,

"टेनेब्रस."

आणि मग स्वतःच दचकली.

"आई!" ऋतिका ओरडली. "मधलाच आला! पहिल्यापासून न म्हणता!"

भाग्यलक्ष्मीच्या हातात कापूस नव्हता. तोंडात माळ नव्हती. समोर नुसता काळोख होता आणि त्याच्याकडे बघता बघता तो शब्द आपल्या पायांनी चालत आला होता. तिचा चेहरा लाल झाला.

"आता येतंस?" ती काळोखावर खेकसली. "मेल्या, आता येतंस? तेव्हा खंय मेलो होतस?"

"कोण आलो गो?" आतून जयवंतनं घाबरून विचारलं.

ऋतिका हसत सुटली. भाग्यलक्ष्मी हसली नाही. ती त्या वातीकडे बघत राहिली, मग डब्याकडे. वीज आली तरी तिनं समई शांत केली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "दुसरो एक विचार. मधलो खंयचोय."

"व्हर्नल."

काहीच आलं नाही. मग जिभेच्या टोकाशी नेहमीचं 'ए' आलं, आणि उजवा हात आपोआप कापसाच्या टोपलीकडे सरकला. भाग्यलक्ष्मीनं दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून धरले, ओठ आवळले आणि तशीच बसली.

"सांगू नकोस," ती दातांतून म्हणाली. "परत विचार."